हिरव्या साडीची खूण

मुरबाड, बुधवार, ७ जानेवारी २००४

म्हशाच्या जत्रेत घोंगडीवाल्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितले, "गुरुजी, टोचनार नाय." टोचते. शब्दाला प्रमाण मानणाऱ्या शास्त्रकारांनी कधी घोंगडी विकत घेतलेली दिसत नाही.

असो. खरे लिहायचे मी टाळतो आहे.

नंदाला तिच्या आईला भेटवायला नेले होते. मेव्हणे कारगिलच्या लढाईत गेले तेव्हा पोर दोन वर्षांची. पुढे माझ्या बहिणीचे, सुमनचे, सापगावात दुसरे लग्न झाले. नंदा इथे वडिलांकडच्या आजी-आजोबांपाशी राहिली. दोन्ही घरे एकमेकांचा उंबरा चढत नाहीत. म्हणून मायलेकींची भेट वर्षातून एकदा, जत्रेत.

जीपमध्ये नंदाने विचारले, "मामा, आई कशी वळखू?"

मी म्हणालो, "हिरवी साडी." गेल्या वर्षी तीच होती ना.

बांगड्यांच्या दुकानापाशी माझा हात सोडून ती धावली आणि एका हिरव्या साडीला बिलगली. ती बाई हसली, "कोनाची गो तू?" दोन पावलांवर सुमन उभी, निळ्या साडीत. तिने सगळे पाहिले.

पोरीला पोटाशी धरून मला एवढेच म्हणाली, "दादा, एवढा शिकलास, नि खुनेला साडीच गावली तुला?"

हिरवी साडी. चेहरा का नाही सांगितला? पण आईचा चेहरा सांगायचा तरी कसा?

नंदाला आजोबांकडे ठेवायची तोड मीच काढली होती. तेव्हा शहाणपणाची वाटली. पोर आईला विसरत चालली आहे, आणि ते माझ्यामुळे, ही भीती मला खाते आहे.