दार नसलेल्या घरातले पाच संकल्प

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ९.४०

पाच वर्षांनी मी कुठे असेन? मला सांगता येत नाही. काल ऑनलाइन शिबिरातल्या सरांनी हे विचारलं तेव्हा बाकीच्यांनी धडाधड उत्तरं टाकली: दुबई, कलेक्टर ऑफिस, स्वतःचा ब्रँड. मी नुसता अंगठा टाकला. पण सर म्हणाले, ध्येय लिहून डोळ्यांसमोर लावा, उत्तर आपोआप सापडतं. म्हणून चौकटीसमोरच्या भिंतीवर तक्ता लावला आहे. आमच्या शिंगणापुरात घराला दार नसतं, नुसता पडदा. त्यामुळे तक्ता रस्त्यावरूनही दिसतो. उत्तम.

१. पहाटे पाचला उठणे.
२. रोज पाच इंग्रजी शब्द.
३. रोज दहा हजार पावलं.
४. मोबाईल फक्त अर्धा तास.
५. रोज एका अनोळखी माणसाशी न घाबरता बोलणे.

मुख्य ध्येय: रविराजभाऊंच्या नव्या लॉजवर रिसेप्शनची नोकरी. मुलाखत मार्चमध्ये. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच. आप्पांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. तवर आईच्या दुकानात पाऊल टाकू नको, म्हणाले, अभ्यास कर. पाडव्याला नोकरी न्हाई लागली तर मंग बस गल्ल्यावर. तेल आणि रुईच्या माळा विकायला मी पॉलिटिकल सायन्स केलेलं नाही.

पाचला उद्यापासून उठणार. आज तक्त्यात वेळ गेला.

२ जानेवारी. ८.१५

गजर ऐकला. ही पहिली पायरी. आई चारलाच उठते, पण त्यामागे ध्येय नाही, नुसती सवय.

३ जानेवारी, शनिवार

शनिवारी गावात दर्शनाची गर्दी. अशा रेटारेटीत मोजलेली पावलं प्रामाणिक म्हणता येणार नाहीत. उद्यापासून.

७ जानेवारी

आजचे शब्द: ॲकोमोडेशन, अव्हेलेबल, ग्रॅज्युअली, कर्टसी, ॲम्बिशन. अर्थांसह तक्त्याखाली चिकटवले. आईने भाकरी थापता थापता विचारलं, ॲकोमोडेशन म्हंजी राह्याची खोलीच ना गं? मंग खोलीच का न्हाई म्हनत? मी तिला शब्दामागची भूमिका समजावली. भाकरी करपली.

१६ जानेवारी

काल आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. तेवीस बायका आल्या. तेवीसजणींनी तक्ता वाचला. शेजारच्या गोजरकाकू (वय साठ, दोन्ही गुडघे दुखतात) आईला म्हणाल्या, चांगुणे, ही पावलं मी घेते बया. बाजारात वांगी निवडल्यासारखं. ध्येय वैयक्तिक असतं, हे मी सर्वांना सांगितलं. सगळ्यांच्या तोंडात तिळगूळ होता. आई म्हणाली, वाण लुटायचंच असतंय, निके.

२० जानेवारी. सकाळी १०

गोजरकाकू पहाटे पाचला चालायला जातात. पावलं मोजायला माझा मोबाईल नेतात. आधी राग आला. मग विचार केला. मोबाईल माझ्याजवळ नाही, म्हणजे संकल्प चार पूर्ण. मोबाईलमध्ये आजची पावलं १०,४१२. मोबाईल माझा. म्हणजे संकल्प तीनही पूर्ण. झोपेत दोन संकल्प पार पाडणारी शिबिरात मी एकटीच असेन.

गजर मोबाईलमध्येच असल्यामुळे पाचला उठता येत नाही. हे माझ्या हातात नाही.

३ फेब्रुवारी

एकाग्रता शून्य. दार नाही हेच मूळ. पुस्तक उघडलं की कुणीतरी पडदा सारतं. आज नांदेडच्या एका यात्रेकरूने तक्ता पूर्ण वाचला, चार नंबर अवघड हाय म्हणाला, पाणी पिऊन गेला.

गोजरकाकू आता घोडेगावपर्यंत चालत जातात. लोक कौतुक करतात, त्या माझं नावसुद्धा घेत नाहीत. आईचे तक्त्याखालचे एकशे तीस शब्द पाठ आहेत. माझे अकरा. आमच्या गावात चोरी होत नाही म्हणतात. मग माझे संकल्प कुठे गेले?

हे आप्पांना म्हणाले तर ते एकदम रस्त्याकडे बघायला लागले. हळू बोल, म्हणाले, चोरी-बिरी म्हनू नको, गावाचं नाव जाईल.

मार्चपर्यंत तरी तात्पुरतं दार बसवा, म्हटलं. आप्पांचा घास हातात राहिला. शनिदेवाला काय सांगू? पोरीचे शब्द चोरीला जात्यात म्हनून दार लावलं?

विषय संपला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संकल्प पाच. दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेले (पाऊल आत टाकलं नाही). एका काकांना एक्स्क्यूज मी म्हणाले. ते बाजूला सरकले. हा संवाद धरला आहे.

आई तेव्हा हैदराबादच्या कुटुंबाला सांगत होती, ॲकोमोडेशन अव्हेलेबल, ग्रॅज्युअली चला, तेलावर पाय घसरत्याल. व्याकरण नाहीच. पण ते सगळे हसत तिच्या मागे निघाले.

१० मार्च

उद्या मुलाखत. आई सोबत येते म्हणाली. येऊ दे. मुलाखत कशी देतात हे तिलाही बघायला मिळेल.

११ मार्च. दुपारी ३

लॉजच्या ऑफिसलाही पडदाच.

रविराजभाऊंनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस? मी ॲम्बिशन म्हणाले. पुढचं वाक्य येईना. मग पडद्याबाहेरून आईचा आवाज आला: इथंच की भाऊ, दुसरीकडं कुठं जानार?

तेवढ्यात नेल्लोरची बस आली. चाळीस माणसं, काउंटरवर कुणी नाही. आम्ही बाहेर येईपर्यंत आईने म्हातारी माणसं तळमजल्यावर आणि पोरंबाळं वर पाठवली होती. एका आजींची चप्पलही शोधून दिली होती.

रविराजभाऊ तिच्याकडे बघत राहिले. माझी मुलाखत एकंदर चांगली झाली.

१३ मार्च

निरोप आला. नोकरी लागली. आईला.

ती म्हणाली, न्हाई म्हनून कळवते, पोरीची जागा हाय ती. ती तक्त्यासमोर उभी राहिली, पाच नंबरवरून बोट फिरवलं. मग विचारलं, तिथं बसायला खुर्ची असती का गं?

म्हटलं, असते. फिरणारी.

बावीस वर्षं ती दुकानात गोणपाटावर बसते. मीच म्हटलं, जा तू. शेवटी तिला घडवलं कोणी?

१९ मार्च, पाडवा. सकाळी ९.१०

पाचला उठले. गजराशिवाय. आईला सहाची ड्यूटी, डबा हवा होता. भाकरी मी केली. दोन करपल्या, त्या माझ्यासाठी ठेवल्या. आई निघताना म्हणाली, कर्टसी ठेव गिऱ्हाइकाशी.

आप्पा गुढीची काठी धुवत होते. त्यांनी मुदतीचा विषय काढायच्या आत मी दुकान उघडून गल्ल्यावर बसले. तीन माळा गेल्या. तिघंही अनोळखी. घाबरले, पण बोलले.

तक्ता घरातून काढून आणला. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर ठळक लिहिलं: तेल व रुईच्या माळा मिळतील. ॲकोमोडेशनसाठी लॉजवर चांगुणाबाईंना भेटा. दुकानाच्या तोंडाशी टांगला आहे. संकल्पांची बाजू दुकानाच्या आत येते. आता ती फक्त मला दिसते.