बिनदाराची केबिन

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि मामींचा चष्मा सापडला का (मागच्या वेळी तो त्यांच्याच डोक्यावर होता, तेव्हा तिथून सुरुवात करावी), ते कळवा. माझं उत्तम चाललंय. भूक लागत नाही, झोप येत नाही आणि डावी पापणी सारखी फडफडते, एवढं सोडलं तर तक्रार नाही.

छापखान्याच्या ज्या बाइंडिंग खात्याचे तुम्ही तीस वर्षं प्रमुख होतात, तिथलाच प्रमुख होऊन मला आज सात आठवडे झाले. पहिल्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा डबा घेऊन बाकावर बसलो, तर चाललेलं हसणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. नऊ वर्षं त्याच बाकावर बसून मी प्रमुखाला नावं ठेवली आहेत (म्हणजे तुमच्यानंतरच्यांना. तुम्हाला अगदी थोडी). त्यामुळे ते काय बोलत होते, हे मला न ऐकताच तोंडपाठ होतं. डबा तसाच घरी आणला.

मग मी ठरवलं, की माणसांत आणि आपल्यात आडकाठी नको. केबिनचं दारच काढून भिंतीला टेकवून ठेवलं. कटिंगवाल्या सुतळीने (अंगकाठीवरून पडलेलं नाव, आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो, हे तुम्हाला आठवत असेल) स्क्रू काढायला मदत केली. कुणीही केव्हाही यावं, असं मी जाहीर केलं. कुणीही आलं नाही. पूर्वी माणूस दाराआड गुपचूप रडगाणं गाऊन जायचा. आता आत कोण गेलं, हे अकराच्या अकरा जणांना दिसतं. आणि मला ते सगळे दिसतात, त्यामुळे कुणी हसलं की ते माझ्यावरच, अशी खात्री होऊ लागली. शिलाईच्या मावशी परवा नुसत्या शिंकल्या, तर तासभर माझं कामात लक्ष नव्हतं. मी सगळ्यांना आवडावं म्हणून खळ ढवळली, गठ्ठे उचलले, मावशींची सुई ओवून दिली. त्यावर मावशी म्हणाल्या, आमचं काम पटत नसेल तर तसं सांगा, साहेब. ‘साहेब’ म्हणाल्या, मामा. याच बाईंनी मला सुई धरायला शिकवली होती.

आता मूळ दुखणं. महिन्यापूर्वी सुतळीने सगळ्यांदेखत माझं एक माप चुकल्याचं दाखवलं. माप चुकलंच होतं. पण माझे कान तापले आणि मी म्हणालो, “इथला प्रमुख मी आहे, मापं मी बघतो.” त्यानंतर नकाशांच्या पुस्तकांचं काम आलं. आपली पद्धत तुम्हीच घालून दिलेली: प्रमुखाने सही केलेली नमुना प्रत दोरीने खांबाला टांगायची आणि बाकीच्या तंतोतंत तशा करायच्या. मी सही केली, प्रत टांगली. तिचं कव्हर उलटं चिकटलं होतं. ते खळ लावणाऱ्याला दिसलं, मावशींना दिसलं, सुतळीला तर दहा पावलांवरून दिसलं. कुणी बोललं नाही. साडेतीनशे पुस्तकं तंतोतंत झाली. कव्हर उघडलं की जग डोक्यावर उभं.

मालक केबिनमध्ये आले आणि चूक कुणाची म्हणून विचारू लागले. मी सुतळीचं नाव घेतलं नाही, हे आधी लक्षात घ्या. मी एवढंच म्हणालो, “कटिंगकडे काहीतरी गडबड झाली असावी.” (कटिंगला एकच माणूस आहे.) मालक म्हणाले, सोमवारपासून येऊ नको म्हणून त्याला सांगून टाका. केबिनला दार नव्हतं, मामा. सुतळी समोरच यंत्रापाशी उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागद सरळ करायला लागला. मला माझी लाज वाटते. आज शुक्रवार आहे आणि मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही.

मामींना नमस्कार. तुमचा भाचा (तूर्त प्रमुख).

ता. क. : मालक रविवारी तुमच्याकडे बुद्धिबळ खेळायला येतात. त्यांना एखादा डाव जिंकू द्या आणि ते खुशीत असताना सहज सांगा, की चूक माझी होती. तुमच्या तोंडून बरं वाटेल. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. रद्द. पत्रं आजवर सुतळीच तपासून देत आला, त्या सवयीने हेही त्याच्यासमोर ठेवलं (दुसरं काही बोलायचं धाडस नव्हतं). त्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, “मामांना कशाला मध्ये घालतोस? तुला तोंड नाही?” सात आठवड्यांनी मला कुणीतरी ‘तू’ म्हणालं. तसाच उठलो, मालकांना केबिनमध्ये बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सुतळी राहतोय. साडेतीनशे कव्हरं मी जेवायच्या सुट्टीत सोलायची आहेत. ‘तूर्त’ हा शब्द मालकांनी कायम ठेवलाय.

ता. क. तिसरा : संध्याकाळी सुतळी म्हणाला, “आता ते दार लाव बाबा. आम्हाला तुझ्याबद्दल बोलायचं असतं.” स्क्रू त्याने डबीत जपून ठेवले होते. मी दार उचलून चौकटीला धरलं, तर अकराच्या अकरा जण एकदम ओरडले, “उलटं आहे.”