चोवीस भोकांची पेटी

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला बसलो की तुझी आई मधेच फोन काढून घेते आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं. म्हणून आज बाकावरचा भुसा झटकला आणि कागद घेऊन बसलो.

बातमी अशी की मी कॉम्प्युटर करतोय. घेतोय नव्हे, करतोय. हल्ली गिऱ्हाइकाला कागदावरचं कपाट पटत नाही. पडद्यावर गोल फिरवून दाखवा, दार उघडून दाखवा म्हणतात. तयार खोकं आणावं तर ते एवढं मोठं, की बाकाशेजारी रंधा टेकवायला जागा उरायची नाही. तेव्हा म्हटलं, छोटी पेटी करू आणि आतला माल निवडून बसवू. त्यात पहिली निवड मदरबोर्डाची, आणि तिथेच तीन आठवडे झाले मी अडकलोय. जावई निवडताना यांनी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या, असं तुझी आई शेजारणीला सांगत होती. खोटं नाही ते. पण जावई चांगला निघाला, हेही तिला सांगितलं.

बाजाराच्या टोकाला एक बाई सुट्या भागांचं दुकान चालवतात. चष्मा कायम कपाळावर, आणि बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी मी विचारलं, सगळ्यात चांगला बोर्ड कोणता? त्यांनी मलाच विचारलं, सगळ्यात चांगलं लाकूड कोणतं? मी म्हटलं, करायचं काय त्यावर आहे. मग झालं तर, म्हणाल्या, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मला त्या आवडल्या. आमचे गावच्या शाळेतले गुरुजी असेच होते. उत्तर देत नसत, पण पोराला उत्तराच्या दारापर्यंत नेऊन सोडत.

आता मला थोडं कळायला लागलंय. चूक असेल तर सुधार. सगळ्यात लहान बोर्ड सतरा सेंटिमीटर चौरस. मदरबोर्ड म्हणजे आमच्या भाषेत चौकट. ती नीट निवडली की बाकीचं तिच्या मापाने बसतं. एका बोर्डात प्रोसेसर कायमचा डकवलेला, स्वस्त आणि थंड, पण पुढे बदलता येत नाही. दुसऱ्यात तो वेगळा बसवायचा. ताकद जास्त, पण उष्णताही जास्त आणि वर उंच पंखा लागतो. लांबी-रुंदी मोजून मी खूश होतो, उंची मोजायचं सुचलंच नाही. तीस वर्षं कपाटं करणाऱ्या माणसाने उंची विसरावी! बाई हसल्या नाहीत, एवढी त्यांनी माझी लाज राखली.

हे सगळं लिहिताना तूच डोळ्यांपुढे येतेस. सतरा वर्षांची होतीस तेव्हा अशाच बोर्डांच्या चौकशा करून पाटी घेऊन माझ्या बाकाशी उभी राहायचीस. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी स्वतःच्या हाताने छोटा कॉम्प्युटर बांधणार होतीस. तीन बोर्डांची माहिती खडूने लिहून मला वाचून दाखवलीस. मला ओ की ठो कळलं नाही, पण मान हलवत राहिलो. मग पेटीचा नकाशा दिलास आणि बजावलंस, बाबा, स्वतःची अक्कल चालवायची नाही. मी सागाची पेटी केली. माझ्या गुरूंनी शिकवलं होतं, सांध्यात केस गेला तर तो सुतार नव्हे. केस जाईना अशी केली.

प्रदर्शनात तासाभरात तुझा कॉम्प्युटर बंद पडला. परीक्षक तुझ्या टेबलापाशी आले तेव्हा पडदा काळा. घरी येऊन तू रडलीही नाहीस. एवढंच म्हणालीस, ‘बोर्डच चुकीचा निवडला मी. मला यातलं काही कळत नाही.’ पेटी माझ्याकडे ठेवून दिलीस आणि पुढच्या वर्षी विषयच बदललास. मीही मनात म्हटलं, देवाची इच्छा. आपल्याला न कळलेलं सगळं त्याच्या नावावर टाकायची सवय वाईट, हे आता कळतंय.

परवा जावईबापूंशी बोलणं झालं. तुझ्या ऑफिसात यंत्रांच्या विभागात चार जणांना शिकवून घेणार आहेत, साहेबांनी आपणहून तुझं नाव सुचवलं, आणि तू अर्ज भरायला तयार नाहीस. का, असं त्यांनी विचारलं तर म्हणालीस, ‘माझा हात लागला की चांगलं यंत्रही बंद पडतं.’ ते हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, म्हणजे अजून अकरा दिवस. पत्र चार दिवसांत पोचेल असं टपालवाला म्हणाला.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो. नवी पेटी कशाला, तुझी जुनी आहेच, असं म्हणून मागच्या सोमवारी तिच्यात मी टाकत आलेल्या बिजागऱ्या ओतून काढल्या आणि ती मापाला दुकानात नेली. तुझा बोर्ड आत तसाच होता. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बोर्ड उत्तम निवडलाय. त्या काळात मीही हाच दिला असता.’ मग तळाकडे बोट दाखवून विचारलं, ‘खालून हवा घ्यायला आतून भोकं दिसतायत. बाहेरून कापड चिकटवून ती कुणी बुजवली? भाजून मेलाय बिचारा.’ पोरी, ते कापड मी चिकटवलं. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तू मैत्रिणीकडे गेली होतीस. पेटीने टेबलावर ओरखडे पाडू नयेत म्हणून कुठल्याही नाजूक कामाला लावतो तसं जाड हिरवं लोकरी कापड मी सरस लावून तळाला डकवलं. लेकीची वस्तू, म्हणून दुहेरी. तुझ्या नकाशातली चोवीस भोकं माझ्याच हाताने पाडलेली, माझ्याच हाताने बुजवली, आणि इतकी वर्षं तू दोष स्वतःच्या हाताला देत राहिलीस. बाईंना मी म्हटलं, कुणीतरी सुताराने केलं असेल. घरी येऊन देवापुढे उभा राहिलो, पण हात जुळेनात. जिच्या बाबतीत चूक केलीस तिला आधी सांगून ये, असंच जणू समोरून आलं. म्हणून सांगतोय. तुझी निवड बरोबर होती. कापड खरवडून काढलंय, भोकं मोजली, चोवीसच्या चोवीस मोकळी आहेत. बाईंनी दोन बोर्डांची माहिती लिहून दिली आहे, तो कागद सोबत जोडलाय. कोणता घ्यायचा ते तू ठरव. तोवर मी काही विकत घेत नाही. पण त्याआधी अर्ज भर. माझ्यावर रागावायचं असेल तर भरून झाल्यावर रागव, मी इथे बाकाशीच आहे.

तुझाच,
या वेळी स्वतःची अक्कल न चालवणारा,
बाबा