शर्यतीच्या बैलांचा पोळा

पोळा, संध्याकाळ. गंगाखेड.

डोकं फिरलंय. आज आमचा बैलगाडी शर्यतीचा गेम लोकांच्या मोबाईलवर गेला आणि बैल जागचे हलेनात. सकाळपासून सगळे एकच लिहायलेत, 'बैल नुसते रवंथ करायलेत.' जेवण सोडून दिवसभर चूक शोधली. रवंथ काही थांबेना. शेवटी दत्ताला विचारलं. आमची कंपनी म्हणजे तो आणि मी, दोघंच.

"चूक न्हाई ती," तो म्हणाला. "पोळ्याला कुणी बैल जुंपतं का? मीच तसं टाकलंय."

"मग सकाळीच सांगायचं ना!"

"तू चूक शोधायलास. मला वाटलं, दुसरी कुठली असंल."

परवा यानं सुट्टी मागितली तेव्हा मीच म्हणालो होतो, गेमवाल्यांना कसला पोळा? त्याचा सूड तर न्हाई ना हा? पण त्यानं तोंड लय साधं केलं होतं.

"काढून टाक ते," म्हणालो.

"तूच काढ. माझा हात धजत न्हाई."

माझाही धजला न्हाई. शेवटी गेममध्ये पाटी लावली: आज पोळा, बैल उद्या पळतील.

घरी पुरणपोळ्या गार झाल्या असतील. बैल अजून रवंथ करायलेत. अख्ख्या कंपनीत सुट्टी मिळाली ती त्यांनाच.