दहाची जाड रेघ

सोमवार, ४ मार्च

आज कामावर माझा शब्द खोटा ठरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बोलावं असं माणूस नाही, बोलायची सवयही नाही. म्हणून ही वही.

झालं ते असं. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या टाक्या तपासायचं आमचं केंद्र. गॅस दोनशे पट दाबून भरायचा म्हणजे पोलाद तो किती दिवस निमूट सोसेल हे पाहावंच लागतं. दर तीन वर्षांनी टाकी गाडीतून उतरून आमच्याकडे येते. आम्ही ती पाण्यात बुडवून आतून जबर दाब देतो. ती फुगते, तेवढं पाणी बाजूच्या काचेच्या नळीत चढतं. दाब सोडला की टाकी आवळते, पाणी उतरतं. चांगली टाकी शून्याजवळ परत येते. थकलेली येत नाही. फुगली त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त फुगलेलीच राहिली तर नापास – तिथल्या तिथे कापायची. दयामाया नाही.

आज शाळेच्या व्हॅनची टाकी होती. पाणी एकशे वीसवर चढलं, सहावर उतरलं. "सहा. पास," म्हणून मी शिक्का उचलला. शेजारी पक्कड उभा होता – माझ्याबरोबरचा दुसरा तपासनीस. धरलं ते सोडत नाही म्हणून पक्कड.

"बाई, सोळा."

"सहा."

"सोळा आहे हो. दहाच्या जाड रेघेवर सहा."

मी त्याला चष्मा बदलायला सांगितलं! वर मालकांना बोलावलं. ते वाकले, पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोळा."

टाकी कापली. उजेड नीट नव्हता, एवढंच.

घरी आले तर सुतार तेच तुणतुणं वाजवत बसलेला – "दार सरळ आहे, बाई." डिसेंबरात बसवलेलं मागचं दार. चौकट मधोमध पोटात वाकलेली आहे. एक डोळा मिटून मी स्वतः पाहिली. तिसऱ्यांदा रंधा मारून घेतला. कामाची लाज म्हणून नाही कुणाला.

मंगळवार, ५ मार्च

सूनबाईनं विचारलं, "आई, काय लिहिता?" काही नाही, म्हटलं.

वही माझ्या खिडकीच्या पडद्यामागे, कट्ट्यावर ठेवते. पडदा तिनंच शिवलेला. काठ नागमोडी! तेव्हाच सांगून उसवायला लावला होता. पुन्हा शिवला तो तसाच. लग्नाआधी कुठल्याशा कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. बोलणं मधाळ असलं की हातात कसब नसलं तरी चालत असेल.

मुलगा पंधरा दिवसांनी येतो नोकरीच्या गावाहून. तोवर या घरात आम्ही दोघीच, आणि तिचं ते "हो आई".

गुरुवार, ७ मार्च

जेवणाच्या सुट्टीत पक्कडनं शेडचं दार लोटून घेतलं. "रागावणार नसाल तर एक करू या. टाकीबिकी काही नाही. मी नळीत पाणी भरतो, तुम्ही वाचा."

रागावलेच. पण वाचलं. पाच वेळा भरलं. तीन बरोबर. दोन चुकले – दोन्ही वेळा बरोब्बर दहानं कमी.

"आता दुसऱ्या डोळ्यानं," तो हळूच म्हणाला.

नळी वाचायची तर मी उजवा डोळा मिटते. तो लहानपणापासूनच अधू. डावा माझा चांगला डोळा. कुठली वस्तू सरळ आहे का हे मी आजवर डाव्यानंच पाहत आले.

उजव्यानं पाहिलं. सगळं धूसर. पण त्या धुक्यात दहाची जाड रेघ जागच्या जागी होती. डाव्यानं पाहिलं – मधे काहीतरी विरघळलेलं, आणि रेघा त्या खड्ड्याभोवती वळसा घालून गेलेल्या.

आणि आता खरं लिहिते, कारण इथेही खोटं लिहायचं तर वहीचा उपयोग काय? नळीवरचा आकडा मला बरेच दिवस नीट दिसत नव्हता. एक जाड रेघ दिसायची, वर पाणी. चांगली टाकी शून्याजवळ येतेच, तेव्हा ती जाड रेघ शून्याचीच – असं मी धरून चालले. वाचलं नाही. धरून चालले.

घरी येऊन मागच्या दारासमोर उभी राहिले. डावा डोळा मिटला.

दार सरळ आहे.

शुक्रवार, ८ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा कागद समोर धरला. माझ्या मधल्या चौकटी वितळल्या होत्या. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग गेलाय म्हणे. इंजेक्शनं घेतली तर आहे तेवढं टिकेल, गेलेलं यायचं नाही. उजव्यावरही लक्ष ठेवायचं. विचारलं, हे कधीपासून? "सांगता येणार नाही. तुम्हालाच काही आठवतं का?"

मला दार आठवतं.

शनिवार, ९ मार्च

दार सहा डिसेंबरला बसलं. त्या दिवसापासूनचं रजिस्टर काढलं. आमचं केंद्र लहान, माझ्या हातून आठवड्याला सात-आठ टाक्या जातात. शहाण्णव निघाल्या. शहाण्णव गाड्या माझा शिक्का घेऊन रस्त्यावर फिरताहेत. रिक्षा, टेम्पो, दोन शाळेच्या व्हॅन.

आणि नवशिक्या ड्रायव्हरांना मीच सांगत आले ना – गॅसला भिऊ नका, तो हवेहून हलका, गळला तर वर निघून जातो. भ्यायचं तर निष्काळजी माणसाला भ्या!

सोमवार, ११ मार्च

मालकांना सगळं सांगितलं. उभ्यानं सांगितलं. ते बसून ऐकत होते, मग तेही उठले.

"बाई, शहाण्णव गाड्या परत बोलवायच्या? लोक म्हणतील, केंद्रच आंधळं आहे."

"केंद्र नाही, मी."

"एखादी चुकली असेल. नसेलही."

"ती कुठली, ते तुम्ही सांगा. मी तेवढीच बोलावते."

खूप वेळ ते पेनाचं टोपण काढत-घालत होते. शेवटी हो म्हणाले. एकदा ताणलेली टाकी दुसऱ्यांदा तेवढी ताणली जात नाही. म्हणून दाब थोडा वाढवायचा, आणि भिंतीची जाडीही यंत्रानं मोजायची. वाचणार पक्कड. मी नळीच्या जवळ जायचं नाही.

शहाण्णववर सुटले, असं वाटलं.

मंगळवार, १२ मार्च

सुटले नाही.

सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या समोर पडदा. नागमोडी काठ. सवयीनं एक डोळा मिटला – पण दुसरा.

काठ सुतासारखा सरळ.

पडदा दाराच्या आधीचा आहे. किती आधीचा? पावसाळ्यात लावला होता का? आठवत नाही. सूनबाईला नक्की आठवत असेल. मी जे बोलले ते कुणीही विसरणार नाही. पण विचारायचं तर कारण सांगावं लागेल. उसवून पुन्हा शिवायला लावलं मी तिला.

नाही विचारलं तर आकडा शहाण्णवच राहतो. मालकांनी मानलेला. वाढवलेला आकडा ते मानणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे. विचारलं की नाही, हे माझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

बुधवार, १३ मार्च

विचारलं नाही. कामावरून आले तेव्हा खिडकीला पडदा नव्हता – धुवायला काढला होता. वही कट्ट्यावर होती तशीच.

गुरुवार, १४ मार्च

चहाला बसले होते. सूनबाई पडदा परत लावत होती, माझ्याकडे पाठ करून. मधेच म्हणाली, "आई, हा पडदा मी एकोणीस जुलैला लावला होता. माझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी."

मी काही विचारलं नव्हतं. टोमणा असेल, मारू दे, तिचा हक्क आहे.

कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. डोळा, नळी, दार, पडदा. "काठ सरळ होता. चूक माझी." सासू सुनेला हे कसं सांगते ते मला शिकवलं नव्हतं कुणी. जमलं तसं सांगितलं.

ती स्टुलावरून उतरली. म्हणाली, "पहिल्यांदा शिवला तोसुद्धा सरळ होता, आई." मग हसली. मला हसू आलं नाही, पण रागही आला नाही.

एकोणीस जुलैपासून – दोनशे एक्केचाळीस.

शुक्रवार, १५ मार्च

मालक म्हणाले, "बाई, आता पडद्याच्या काठावरून टाक्या परत बोलवायच्या का?"

"हो."

"उद्या एखादी गोधडी आठवली तर?"

"तर गोधडीपासून."

नाही म्हणाले. मी शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, माझा शिक्का आहे, मीच एकेकाला फोन करते, केंद्राचं नाव न घेता. ते शिक्क्याकडे पाहत राहिले. केंद्र काढणारे त्यांचे वडील असते तर एका वाक्यात हो म्हणाले असते, हे मी बोलले नाही; त्यांना ऐकू आलं असावं.

"करा. पण फोन तुम्ही करू नका, बाई. तुमचा आवाज ऐकून येणारासुद्धा यायचा नाही."

बुधवार, २० मार्च

त्यांचं खरं निघालं. हट्टानं सात फोन केले. चौघांनी ठेवून दिला, एकानं विचारलं, "कोण, दोनशे बार का?" ड्रायव्हर मला मागून दोनशे बार म्हणतात हे ठाऊक होतं. टाकीचा दाब आणि माझा राग एकाच मापाचा म्हणे! तोंडावर आज पहिल्यांदा ऐकलं.

सूनबाईनं हातातून यादी घेतली. "आई, तुम्ही फक्त नंबर वाचून दाखवा." पण आकडे मला आता लगेच सुधरत नाहीत, तेही तिनंच वाचले. "दादा, तुमची टाकी आम्ही फुकट पुन्हा तपासतोय. नाही, तुमचं काही चुकलं नाही, आमचं चुकलंय." हे वाक्य ती किती सहज म्हणते. दिवसात अडतीस जण तयार झाले.

मधाळ म्हटलं होतं मी त्याला.

मंगळवार, २ एप्रिल

एकशे नऊ झाल्या. सगळ्या पास. मालकांचा चेहरा "बघा, मी म्हणत होतो" असा. आज एकशे दहावी, एका टेम्पोची, नापास. ऑक्टोबरचा शिक्का, म्हणजे दाराच्या आधीचा.

टेम्पोवाला कापलेली टाकी पाहत उभा राहिला. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तो म्हणाला, "बाई, मी हिच्यावर पाठ टेकून झोपायचो दुपारी."

पेट्रोलच्या काळात या रस्त्यावरून घरी गेलं की रुमाल काळा व्हायचा. गॅस आला आणि रुमाल पांढरा राहू लागला, तेव्हा वाटलं होतं – आपण चांगल्या कामात आहोत. आजही वाटतं. पण स्वच्छ इंधन म्हणजे कुणीतरी रोज एक रेघ नीट वाचतंय, एवढंच आहे ते. गाडीवाला ती रेघ कधी बघत नाही. तो शिक्का बघतो आणि पाठ टेकतो.

गुरुवार, ११ एप्रिल

सुताराकडे गेले. म्हटलं, दार सरळ होतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "होतं, बाई. पण तुम्ही तीनदा रंधा मारून घेतलात. आता खरंच वाकडंय."

नवीन सांगून आले.

मंगळवार, ३० एप्रिल

दोनशे चाळीस झाल्या. नापास दोन. एक सापडत नाही – रिक्षा विकली, घेणाऱ्यानंही विकली, पुढचा नंबर बंद. तपासणी बावीस जुलैची, पडद्यानंतरची पहिलीच. रजिस्टरात माझ्याच अक्षरात: सहा, पास.

मालक म्हणतात, एक राहिली तर राहिली. पक्कड रोज संध्याकाळी गॅस पंपाच्या रांगेतल्या रिक्षांच्या टाक्यांचे नंबर पाहून येतो.

शुक्रवार, ३ मे

सूनबाई सकाळी कुठे गेली सांगून गेली नाही. चार वाजता केंद्राच्या फाटकात एक रिक्षा येऊन थांबली. मागच्या सीटवर ती, घामाघूम, मांडीवर माझी यादी. तीन गॅरेजं पालथी घातली म्हणे. दुसऱ्या गॅरेजवाल्याला "दादा" म्हणून चालेना, तेव्हा "मी दोनशे बारची सून आहे" म्हणून सांगितलं. पत्ता लगेच मिळाला.

पक्कडनं नळी वाचली. मग मालकांनी वाचली. सतरा.

दारापासून मोजलं असतं तर ही बोलावलीच नसती.

रिक्षावाला विचारत होता, "आता मी घरी कसा जाऊ?" मालकांनी स्वतःची गाडी काढली.

सोमवार, ६ मे

कामावरचा आज शेवटचा दिवस. सुपूर्द केलं ते असं:

पोलादी शिक्का, एक – पक्कडला. घेताना धोतराला पुसावेत तसे हात पँटला पुसले त्यानं.

शेडच्या किल्ल्या, तीन – मालकांना.

रजिस्टर – मालकांना. दोनशे एक्केचाळीस नोंदींसमोर नवे आकडे, नव्या सह्या.

नळीजवळचा दिवा – तिथेच ठेवला. उजेड नीट होता.

ही वही – सूनबाईला. आजची नोंद तिच्या हातची आहे, शब्द माझे. मला आता रेघेवर लिहिता येत नाही. मागची पानं वाचू नकोस, असं सांगितलं. म्हणाली, "तेरा मार्चलाच वाचली, आई. वही पडद्यामागे ठेवता, आणि पडदे मी धुते."

हेही लिही, म्हटलं. लिहिलं.

वही मिळाली.
– सून