बोटीची घंटी

बाबा, तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणायची मला सवय नाही. घरी आपण कोंकणीत बोलायचो आणि मी सरळ ‘तूं’ म्हणायचे. पण आपल्या डिचोलीत लिहायचं म्हटलं की मराठीच, लग्नाच्या पत्रिकेपासून देवळातल्या फळ्यापर्यंत. आणि मराठीत लिहायला घेतलं की ‘तुम्ही’ आपोआप येतं. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर तुम्हाला मुद्दाम सांगावं असं काही घडलं नाही, किंवा घडलं तरी मी ते सांगण्याजोगं मानलं नाही. आता एक गोष्ट आहे.

मी इथे परदेशात इंजिनांचं काम करते. जगातल्या सर्वांत वेगवान मोटारींच्या शर्यतीत एक गाडी धावते, तिचं इंजिन आमचा कारखाना बनवतो. गाडी मात्र आमची नाही. ती दुसऱ्या देशातले लोक बांधतात. माझ्याकडे कंपनांचा विभाग आहे: कोणता भाग किती थरथरतो, का थरथरतो आणि थरथरून कधी तुटेल, हे मोजायचं. हे इंजिन चार माणसांना उचलता येईल एवढंच आहे. तुम्ही खनिज वाहणाऱ्या बार्जवर, त्या लांबलचक मालबोटीवर, जे इंजिन सांभाळायचात त्याच्याभोवती तर फेरी मारता यायची. थंड असताना ते फिरतच नाही. भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की आधी आतून गरम पाणी आणि तेल फिरवून त्याला ऊब द्यावी लागते. मग ते सुरू होतं आणि सेकंदाला दोनशेच्या आसपास फेऱ्या घेतं. गाडीला वेगळा सांगाडा नसतो. पुढे चालकाची जागा, मागे चाकं, आणि मधे हे इंजिन तोच सांगाडा. काढून घेतलं तर गाडीचे दोन तुकडे होतात. मी हे रोज ऐकते, रोज मोजते, आणि तरी ते सुरू होतं तेव्हा माझा हात आपोआप मेजाची कड धरतो. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी दुसऱ्या हाताने पेन उचलते.

या वर्षी आमची गाडी एकही शर्यत पुरी करत नव्हती. निम्मी ताकद बॅटरीची असते, आणि ती बॅटरी थरथरून मोडत होती. चालकाची बोटं बधिर होत होती. आमच्या चाचणीच्या खोलीत इंजिन एकटं चालवलं की शांत. त्यांच्याकडे इंजिनाच्या जागी नुसता ठोकळा बसवून गाडी हलवून पाहिली की तीही शांत. दर आठवड्याला पडद्यावर बैठक व्हायची. त्यांचे प्रमुख म्हणायचे, “तुमचं इंजिन तुमच्या खोलीत फारच छान चालतं. पुढची शर्यत तिथेच ठेवू या का?” आमचे प्रमुख म्हणायचे, “तुमची गाडीही इंजिनाशिवाय अगदी स्थिर उभी असते, मी फोटो पाहिलाय.” हसायचं कोणी नाही. मग वरून निरोप आला: महिनाभराने होणाऱ्या शर्यतीतही गाडी शेवटापर्यंत गेली नाही तर ते दुसरं इंजिन घेणार. म्हणजे आमचा विभाग बंद. त्याच आठवड्याच्या बैठकीत आमच्या बाजूने मी बोलायचं ठरलं. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं: इंजिन निर्दोष आहे. माझे सगळे आलेख तेच दाखवत होते.

त्या सकाळी मला तुमचं बार्ज आठवलं. खरं तर बार्ज नव्हे, बार्जचं पोट.

मे महिन्याची सुट्टी होती. आई माहेरी वाळपईला गेली होती आणि मला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत. शिरगावकडून आलेलं खनिज पोटात भरलं, लाल धूळ माझ्या केसांत, आणि आपण नदीने मुरगाव बंदराकडे निघालो. मला वर बसायचं होतं, सुकाणू धरणाऱ्या तांडेलाशेजारी, जिथून दोन्ही काठ दिसतात. तुम्ही मला खाली नेलंत. तिथे नदी दिसेल असं एकही जनेल नाही. तेलाचा वास, पायाखालचा पत्रा हलतो आहे, आणि भिंतीवर एक घंटी. पेडण्याचा तो तांडेल वरून दोरी ओढतो, घंटी वाजते: एकदा म्हणजे पुढे, दोनदा म्हणजे थांब, तीनदा म्हणजे मागे. आणि प्रत्येक वेळी तुम्ही तुमच्या बाजूची दोरी ओढून तेवढेच ठोके परत वर पाठवता. मगच हात दांड्याकडे जातो.

तुमचा आणि त्याचा अबोला होता. त्याने मालकाच्या माणसाला सांगितलं होतं की इंजिनात दम नाही. तुम्ही सांगितलं होतं की हा बोटीला उथळ पाण्यात घालतो, मग इंजिन काय करणार. धक्क्यावर तुम्ही दोघे एकमेकांकडे पाठ करून बिडी ओढायचात. म्हणून मी विचारलं, “तो तुज्याकडेन उलयना, मगे तूं ताका घांट कित्याक मारता?” तो तुमच्याशी बोलतसुद्धा नाही, मग तुम्ही त्याला घंटी का वाजवून दाखवता? तुम्ही माझ्यावर फार क्वचित रागवायचात. तेव्हा रागावलात. “घांट ताची न्हय गो बाये,” म्हणालात. “घांट बोटीची.”

थोड्या वेळाने, एका वळणावर, दोन ठोके आणि लगेच तीन. तुम्ही दोन परत केलेत, तीन परत केलेत, दांडा ओढलात, आणि ते अख्खं लोखंड माझ्या दातांत थरथरलं. वर काय झालं ते आपल्याला दिसलं नाही. नंतर कळलं की समोर मासेमारीची होडी आडवी आली होती, आत दोन माणसं होती. बार्ज त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. तुम्ही ज्याचं तोंड बघत नव्हता त्या माणसाच्या हातावर एक क्षणही शंका घेतली नाहीत. मी इतकं मोठं काही तोवर पाहिलं नव्हतं. पाहिलं तरी काय होतं? एक घंटी आणि तुमचा हात.

दुपारी वर बसून उंडे, आपले ते गोल पाव, आणि भाजी खाताना तांडेल माझ्याकडे बघून म्हणाला, “बाय, तुज्या बापायक सांग, आज इंजीन बरें चललें.” तुम्ही तीन हातांवर बसला होता. तुम्हीही माझ्याकडेच बघून म्हणालात, “ताका सांग, इंजीन सदांच बरें चलता. आज सुकाणूं बरें चललें.” मी दोन्ही निरोप पोचवले, अगदी शब्दशः. खलाशी हसून हसून बेजार झाले. तुम्ही दोघे हसला नाहीत, पण त्याने तुमच्या पुढ्यात लोणच्याची बरणी सरकवली.

तर, बैठक. त्यांच्याकडची कंपनांची इंजिनिअर माझ्याच वयाची आहे, माझ्यासारखीच कमी बोलणारी. तिने चालकाच्या बधिर बोटांची तक्रार पुन्हा मांडली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता आलेख दाखवायचे होते. मी ते उघडले नाहीत. म्हणाले, “आधी मी नीट ऐकलंय का ते सांगते. बोटं बधिर होतात. लांब वळण संपताना सर्वांत जास्त. पेट्रोलची टाकी भरलेली असताना, म्हणजे गाडी जड असताना, त्रास वाढतो. बरोबर?”

 “नाही,” ती म्हणाली. “टाकी रिकामी होत आली की वाढतो.”

 जड गाडी जास्त हादरणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. सगळ्या चाचण्या त्याच हिशेबाने केल्या होत्या. कोणी विचारलं नव्हतं, आणि आम्हाला हे माहीत असणारच, असं तिला वाटलं होतं. टाकी रिकामी होत गेली की गाडी हलकी होते, तिची थरथरण्याची स्वतःची लय वाढत जाते, आणि एका क्षणी ती इंजिनाच्या लयीला येऊन मिळते. इंजिन निर्दोष होतं. गाडीही निर्दोष होती. त्यांनी गाडीचा मागचा भाग विमानाने आमच्याकडे पाठवला. पहिल्यांदाच दोन्ही एकत्र जोडून, टाकी रिकामी ठेवून चालवलं. नियंत्रण कक्षाच्या काचेखालच्या कडेवर ठेवलेलं माझं पेन खाली पडलं, इतकं ते थरथरलं. मला ते भीतीदायक वाटायला हवं होतं. मला ते सुंदर वाटलं. मग बॅटरी ज्यावर बसते तो आधार आम्ही बदलला, त्यांनी जोडाचे भाग बदलले, आणि इंजिनाचा वेग त्या एका पट्ट्यात रेंगाळणार नाही अशी व्यवस्था आम्ही दोघींनी मिळून केली.

शर्यतीला मी कारखान्यातच होते, कानाला फोन लावून, ती मैदानावर. ती थरथरीचा आकडा सांगायची, मी तोच परत म्हणायचे. मी सांगायचे, ती परत म्हणायची. टाकी रिकामी होत आली. आकडे वाढले, आणि वाढता वाढता थांबले. गाडी शेवटच्या फेरीपर्यंत धावली आणि शेवटून दुसरी आली. आमचे प्रमुख म्हणाले, “शेवटून दुसरे! मिठाई वाटा.” मला पेढे कुठले मिळणार इथे; पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि भागीदारी निदान या वर्षापुरती टिकली. पुढचं माहीत नाही. पहिल्या दहांत यायला अजून खूप बाकी आहे.

हे पत्र पाठवण्याजोगं नाही, कुठे पाठवणार. बार्जही नाही, खाणी बंद पडल्यावर काठाला लागून गंजलं आणि मग भंगारात गेलं, असं आई म्हणाली. घंटीचं काय झालं ते तिला माहीत नाही.

एक राहिलं. शर्यत संपल्यावर तिने मला विचारलं, ही परत म्हणायची सवय कुठून लागली? मी म्हणाले, एका प्रशिक्षणात. तिने सवयीप्रमाणे ते परत म्हटलं, “एका प्रशिक्षणात,” आणि थांबली. दुरुस्त करायला मला जागा होती. मी म्हणाले, बरोबर.