दोन काटेरी टायर आणि बाकी सगळं

मी, राइली ह्युत्तिनेन, वय सत्तावन्न, राहणार पिएलिनेन तळ्याच्या काठी, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची झडप बिघडली आहे, ती डॉक्टर सोमवारी बदलणार. कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझ्यावर जबरदस्ती करेल असा माणूस या गावात नाही. शाळा जेमतेम केली, तेव्हा चुका दिसल्या तर गप्प बसावं.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा नवरा वेइयो याला. छत गळतं, हे त्याला पंधरा वर्षं माहीत आहे.

२. वाफेच्या अंघोळीचा सॉना हा वेइयो आणि मुलगी हेन्ना, दोघांचा. अट एकच. बर्फावरच्या मोटरसायकलचे टायर तिथे खालच्या फळीवर गरम करत ठेवायची पद्धत मोडू नये. बर्फावर घसरू नये म्हणून टायरांना स्क्रू मारतात; गार रबरात तो शिरत नाही, नुसतं मनगट मोडतं. एकदा सासूबाई सवयीप्रमाणे दिवा न लावता वाफेत शिरल्या आणि नेमक्या अर्धवट झालेल्या टायरवर बसल्या. पुढचे सहा रविवार त्या चर्चमध्ये उभ्याच. पाद्रीबाईंना वाटलं, म्हातारीची भक्ती वाढली. मी खुलासा केला नाही.

३. ड्रिल, पक्कड आणि स्क्रूचे डबे हेन्नाला. वेइयोने हात लावू नये. पहिल्या हिवाळ्यात त्याने स्क्रू बाहेरून आत मारले, तेही लांबडे. तळ्याच्या मधोमध दोन्ही ट्यूब बसल्या. सात किलोमीटर गाडी ढकलत आला आणि दारातूनच म्हणाला, "रबरच भिकार होतं." तेव्हापासून टायर मी करते. स्क्रू आतून बाहेर, टोकं बर्फाकडे. आतल्या डोक्यांवर जुन्या टायरची पट्टी, म्हणजे ट्यूबला टोचत नाही. धीर लागतो. माझ्याकडे तो टायरपुरताच आहे.

४. आता मुद्द्याचं. मागच्या टायरला तीनशे चाळीस स्क्रू, पुढच्याला दोनशे दहा. ही जोडी हेन्नाची. मार्चमध्ये तळ्यावरच्या शर्यतीत तिला याच टायरांवर धावायचं आहे, आणि माझं काही झालं तर दुसरी जोडी करणार कोण?

हे लिहायची वेळ आली, कारण गेल्या आठवड्यात मी आत बटाटे सोलत होते आणि शेजारचा उर्पो आमच्या टेबलाशी बसून वेइयोला म्हणाला, "तसं होऊ नये रे, पण झालंच, तर टायरांचं काय?"

"तू घेऊन जा," वेइयो म्हणाला. "पोरीला कशाला? पडायची कुठेतरी."

मी ओरडले, "अरे, जिवंत आहे मी अजून!"

"म्हणून तर आत्ता विचारलं, राइली," उर्पो म्हणाला. "नंतर विचारणं बरं दिसत नाही."

गेल्या वर्षी हेन्नाने त्याला बर्फावर दोन फेऱ्यांनी मागे टाकलं. खरं दुखणं ते आहे.

मी नाही म्हटलं तर वेइयो दोन दिवस रुसून बसला. शब्द दिलाय म्हणे. म्हणून घरात शांतता राहावी यासाठी हेही लिहिते: मी गेल्यावर महिन्याभरात हेन्नाने टायर नेले नाहीत, तर ते उर्पोला मिळावेत. हेन्ना उत्तरेला हॉटेलात कामाला असते, महिना महिना सुट्टी मिळत नाही. हे वेइयोला पक्कं ठाऊक आहे.

५. वेइयोने इथवर वाचलं, खूश झाला आणि मासे धरायला गेला. पुढचं तो गेल्यावर लिहिते. साक्षीदार दोन लागतात. वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं, की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नाही. मात्र जो साक्षीची सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, नाव लिहिलेलं असलं तरी. मी दोनदा विचारून घेतलं. मग घरी आले, वेलदोड्याचा पाव भाजला आणि उर्पोला फोन केला.

सही: राइली ह्युत्तिनेन
ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२४

साक्षीदार: हेल्वी सोर्मुनेन, गावात टपाल वाटते. राइली पूर्ण शुद्धीत आहे. सगळं वाचलं, पाचवं कलम दोनदा.

साक्षीदार: उर्पो कोक्कोनेन, शेजारी. राइली पूर्ण शुद्धीत आहे. चष्मा घरी राहिला, म्हणून वाचलं नाही. पाव उत्तम. सही आनंदाने केली.